नोंदीतले नाव आणि नावातला हक्क

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीत बारसे आहे, दुसरीत निंदा आहे. गावगाड्याने आपल्या बाबतीत या दोन क्रिया कधी वेगळ्या राहू दिल्या नाहीत. आपल्या वस्तीला, आपल्या कामाला, आपल्या माणसाला जे नाव ठेवले तेच त्याला नावे ठेवण्याचे साधन झाले. याशिवाय मराठीत तिसरा एक प्रयोग आहे : ‘नावावर असणे’. जमीन कोणाच्या नावावर आहे, घर कोणाच्या नावावर आहे, यावरून गावात माणसाचे वजन ठरते. प्रस्तुत लेखाचा विषय या तिसऱ्या प्रयोगाशी जोडलेला आहे.

नावावर असणे म्हणजे शेवटी कोणत्यातरी नोंदवहीत असणे. ती नोंदवही आता कागदावरून संगणकात गेली आहे. संगणकाची प्रणाली बनवताना तिच्यातल्या मुख्य संकल्पनांना कोणती नावे द्यावीत, हा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे असे समजले जाते. तो जितका तंत्रज्ञांचा आहे तितकाच आपलाही आहे, असे मला म्हणायचे आहे. कारण प्रणालीत ज्या गोष्टीला नाव मिळाले नाही ती गोष्ट त्या प्रणालीपुरती अस्तित्वातच नसते. आणि जिला चुकीचे नाव मिळाले तिच्यावर चुकीचा नियम लागू होतो. भोर आणि वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांतल्या जमिनींची उदाहरणे घेऊन हे सांगण्याचा प्रयत्न करतो.

(१)

आधी सॉफ्टवेअर म्हणजे काय करतात ते थोडक्यात पाहू. प्रोग्रॅम लिहिण्याच्या अगोदर, ज्या व्यवहाराची प्रणाली बनवायची त्या व्यवहारात कोणकोणत्या मूळ वस्तू आहेत हे ठरवावे लागते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे उदाहरण घ्या. तेथे पुस्तक आहे, सभासद आहे, देवघेव आहे. हे सोपे वाटते. पण ग्रंथालयात एकाच कादंबरीच्या पाच प्रती असतील तर पुस्तके किती? एक की पाच? ग्रंथपाल ‘पुस्तक’ हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरतो आणि बोलताना त्याचे काही अडत नाही, कारण समोरच्याला संदर्भ कळतो. संगणकाला संदर्भ कळत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एकाने ‘पुस्तक’ म्हणजे शीर्षक धरले आणि दुसऱ्याने प्रत धरली, की एक विद्यार्थी एक प्रत घरी घेऊन जातो आणि संगणक पाचही प्रती गेल्याचे दाखवतो. उपाय साधा आहे. शीर्षकाला ‘ग्रंथ’ म्हणा, हातात येणाऱ्या वस्तूला ‘प्रत’ म्हणा, आणि ‘पुस्तक’ हा शब्द प्रणालीतून काढून टाका.

हे काम सुरुवातीलाच करावे लागते. कोऱ्या कागदावर नाव बदलायला एक रेघ पुरते. तेच नाव हजारो ओळींच्या प्रोग्रॅममध्ये, लाखो नोंदींत आणि कर्मचाऱ्यांच्या तोंडात बसले, की ते बदलणे महाग पडते आणि मग कोणी बदलत नाही. एरिक इव्हान्स या सॉफ्टवेअर-लेखकाने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात यावर भर दिला आहे. प्रणाली बनवणारे आणि तो व्यवहार प्रत्यक्ष जाणणारे यांनी एकच शब्दसंग्रह ठरवावा आणि बोलण्यात, कागदावर व प्रोग्रॅममध्ये तोच वापरावा, असा त्याचा आग्रह आहे. आपण त्यापुढे एक प्रश्न विचारला पाहिजे. व्यवहार जाणणारे म्हणजे कोण? जमिनीचा व्यवहार कचेरीतला कारकून जाणतो, तसाच तो जमीन कसणारी बाईही जाणते. शब्द ठरवताना तिला कोणी बोलावते काय?

(२)

आता सातबारा पाहू. ‘सातबारा’ हे नाव गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या दोन फॉर्मांच्या क्रमांकांवरून पडले आहे. सातमध्ये अधिकारांची नोंद असते, बारामध्ये पिकांची. फेरफाराची नोंद नमुना सहामध्ये होते आणि एका खातेदाराची गावातली सगळी जमीन नमुना आठ-अ मध्ये दिसते. लोकांनी क्रमांकालाच नाव केले, कारण क्रमांकाचा अर्थ लावावा लागत नाही.

या दोन उताऱ्यांची रचना बारकाईने पाहावी. सातबाराच्या केंद्रस्थानी जमिनीचा तुकडा आहे, म्हणजे गट किंवा सर्व्हे नंबर. आठ-अ च्या केंद्रस्थानी खाते आहे. केंद्रस्थानी माणूस यांपैकी एकाही उताऱ्यात नाही. ज्याच्याकडे गट नाही त्याचे खाते नाही. आणि ज्याचे खाते नाही तो या नोंदप्रणालीत कोठेच नाही. वर्गात मी मुलांना आपापल्या घरचा सातबारा आणायला सांगतो आणि त्यातले न कळलेले शब्द वहीत उतरवून घ्यायला लावतो. याद्या मोठ्या होतात : भोगवटादार, आकार, पोटखराबा, इतर अधिकार, अ.पा.क., ए.कु.मॅ. काही मुलांच्या वह्या मात्र कोऱ्या राहतात. त्यांच्या घरी आणायला सातबाराच नसतो. नोंदप्रणालीचा पहिला धडा त्या कोऱ्या वहीत आहे, असे मी मुलांना सांगतो.

जे शब्द वहीत येतात त्यांतही अनेक पेच आहेत. सातबारावर ज्याचे नाव आहे त्याला आपण ‘मालक’ म्हणतो. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम त्याला ‘भोगवटादार’ म्हणतो. ‘खातेदार’ हा आणखी तिसरा शब्द. जो दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसतो तो ‘कूळ’. प्रोग्रॅम बहुधा इंग्रजी नावांनी लिहिला जातो. तेथे कुळाचे ‘टेनंट’ होते आणि ते मराठीत परत आणताना कोणी ‘भाडेकरू’ असे भाषांतर केले, तर कुळाचा इतिहासच पुसला जातो. भाडेकरूला घर सोडावे लागते. कुळाला १९४८ च्या कुळकायद्याने आणि त्यातील १९५६ च्या दुरुस्तीने कसती जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. दोन शब्दांतले हे अंतर एका पिढीच्या संघर्षाने निर्माण झालेले आहे.

अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता आणि ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. कुटुंबाच्या वतीने थोरल्या भावाचे नाव लागते, पुढे ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरे बसतात आणि बहिणींची नावे त्या तीन अक्षरांमागे राहतात. अक्षरांचा अर्थ ठाऊक नसलेल्या पुढच्या पिढीला थोरला भाऊ हाच एकटा धनी वाटू लागतो. याच अधिनियमाच्या १५७ व्या कलमानुसार अधिकार अभिलेखातील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीरपणे नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे नोंद खोटी असल्याचे सिद्ध करण्याचा भार, जिचे नाव लागले नाही तिच्यावर पडतो. २०२५ साली शासनाने मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम घेतली. हे नाव चांगले आहे. काय करायचे आहे ते निरक्षर माणसालाही त्या दोन शब्दांत कळते.

(३)

एका नावाखाली अनेक वस्तू कोंबल्या की काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे ‘भोगवटादार वर्ग-२’. वर्ग-१ चा भोगवटादार जमीन सामान्यतः मोकळेपणाने हस्तांतरित करू शकतो. वर्ग-२ च्या भोगवटादाराच्या हस्तांतरणाच्या हक्कावर बंधने असतात. येथवर ठीक आहे. पण या ‘वर्ग-२’ मध्ये कोण कोण आहेत? वतन खालसा झाल्यावर पूर्वीच्या वतनदाराला फेरप्रदान झालेली जमीन आहे. भूमिहीनाला शासनाने दिलेली जमीन आहे. कुळाने कायद्याने विकत घेतलेली जमीन आहे. धरणात गाव गेलेल्याला पुनर्वसनात मिळालेली जमीन आहे. लोकांच्या तोंडी या सगळ्यांना आणखी एक नाव आहे, ‘नवीन शर्त’. ही शर्त इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली आहे; तिच्यात आता नवीन काही उरलेले नाही.

भोर आणि वेल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी ही धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. येथल्या खोऱ्यांतली अनेक कुटुंबे पाण्याखालची जमीन सोडून दुसरीकडे गेली. शिवाय गावोगावी इनामाच्या आणि वतनाच्या जमिनी होत्या. आता समजा, धरणग्रस्ताचा नातू, वतनदाराचा नातू आणि कुळाचा नातू असे तिघे उतारे घेऊन उभे आहेत. तिघांच्याही उताऱ्यांवर ‘वर्ग-२’ लिहिले आहे. तिघांना लागू होणारे कायदे मात्र वेगळे आहेत. कुळाच्या जमिनीसाठी २०१४ च्या दुरुस्तीने सोय केली की, खरेदीला दहा वर्षे झाली असतील तर आकारणीच्या चाळीस पट रक्कम भरून हस्तांतरण करता येते. वतनाच्या जमिनीला हा नियम लावता येत नाही. तिला १९५८ च्या कायद्याची बंधने आहेत. उलट, आदिवासी खातेदाराची जमीन वर्ग-१ ची असली तरी ३६ आणि ३६-अ या कलमांचे संरक्षण तिला आहेच. म्हणजे ‘वर्ग-१’ हे नाव वाचून ती मोकळी आहे असे समजणेही चूक.

गाव नमुना एक-क मध्ये या जमिनींची प्रकारवार नोंद ठेवण्याची सोय आहे. तेव्हा अडचण माहितीच्या अभावाची नाही. लोकांच्या हाती येणाऱ्या कागदावर जे ठळक नाव आहे ते बंधन सांगते, पण बंधन कोणत्या कायद्याने आणि कशासाठी आले ते सांगत नाही. याचा फायदा दलालाला होतो. ‘तुझी जमीन वर्ग-२ आहे, म्हणजे सरकारचीच आहे, मिळेल ते घे’ असे सांगून त्याला सौदा करता येतो. नाव स्पष्ट असते, ‘वर्ग-२ : वतन फेरप्रदान, कायदा १९५८’ असे लिहिलेले असते, तर वाचता येणाऱ्या शाळकरी पोरानेही त्याला अडवले असते.

(४)

काही नावे दिसायला नोंद असतात, पण असतात निकाल. जंगलाच्या कडेला पिढ्यान् पिढ्या नाचणी-वरई पिकवणाऱ्या कातकरी किंवा महादेव कोळी कुटुंबाला वनखात्याच्या कागदात ‘अतिक्रमणदार’ म्हटले गेले. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याच माणसाला, त्याच तुकड्यासाठी, ‘दावेदार’ केले आणि दावा मान्य झाल्यावर हक्कधारक केले. माणूस बदलला नाही, जमीन बदलली नाही. रकान्याचे नाव बदलले आणि सिद्ध करायची गोष्टच बदलली. प्रणाली बनवणाऱ्याने या रकान्याला कोणते नाव द्यावे? निर्णय झालेला नसताना ‘अतिक्रमणदार’ लिहिणे म्हणजे खटल्याआधी शिक्षा सुनावणे. ‘कसणारा’ हा शब्द आपल्याकडे आहे. जो कसतो तो कसणारा. हक्काचा निर्णय ही वेगळी गोष्ट, तिचा रकाना वेगळा.

‘लाभार्थी’ हा असाच दुसरा शब्द. घरकुल, विहीर, शिष्यवृत्ती, सगळ्या प्रणालींत माणूस लाभार्थी असतो. कोणीतरी लाभ देतो आणि हा तो मागतो, असे या शब्दाचे व्याकरण आहे. शिष्यवृत्ती हा जेथे हक्क आहे तेथे ‘हक्कदार’ म्हणायला काय हरकत आहे? हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. ‘लाभार्थी’ या नावाच्या तक्त्यात लाभ मंजूर झाल्याची तारीख असते. ‘हक्कदार’ या नावाच्या तक्त्यात, हक्क असूनही तो मिळाला नाही अशांची यादी मागण्याची बुद्धी होते. नाव बदलले की तक्त्याला विचारायचे प्रश्न बदलतात.

कायद्यांच्या नावांनाही हा दोष सुटलेला नाही. देशमुखाचे वतन आणि महाराचे वतन यांना गावगाड्याने एकच शब्द दिला. एकाच्या वतनात अधिकार होता, दुसऱ्याच्या वतनात वेठ होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या फरकावर बोट ठेवूनच. पुढे ही वतने ज्या कायद्याने गेली त्याचे नाव ‘मुंबई कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन अधिनियम, १९५८’ असे आहे. वतन गेले, ‘कनिष्ठ’ हा शब्द निर्मूलनाच्या कायद्यातच मुक्कामाला राहिला.

(५)

नाव बदलणे आवश्यक असते, आणि तेवढ्यासाठीच प्रणालीत नाव आणि ओळख या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. वेल्हे तालुक्याचे नाव २०२४ मध्ये राजगड झाले. भाटघरच्या धरणाला इंग्रजी अमदानीत लॉईडचे नाव होते, आज त्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे आणि लोक भाटघरच म्हणतात. प्रणालीत तालुक्याचे नाव हीच तालुक्याची ओळख धरली असेल, तर नामांतराच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नोंदी एका तालुक्याच्या आणि नव्या नोंदी दुसऱ्या तालुक्याच्या होतील. म्हणून गावाला, तालुक्याला एक कायमचा क्रमांक द्यायचा, नाव त्या क्रमांकाला जोडायचे, आणि कोणते नाव कोणत्या तारखेपर्यंत होते तेही नोंदवून ठेवायचे. सातबारावर गावाच्या नावाशेजारी छापलेला सांकेतांक असतो तो यासाठी.

आपल्या दृष्टीने याचे महत्त्व फार मोठे आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकण्याचा आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच आहे. पत्ता लिहिताना पोराला मान खाली घालावी लागेल असे नाव कोणत्याही वस्तीला नको. पण वस्तीच्या स्मशानभूमीची, पाणवठ्याच्या वाटेची, इनामाच्या तुकड्याची जुनी नोंद त्या जुन्या नावानेच झालेली आहे. समतानगरच्या तरुणाने संगणकावर ‘समतानगर’ शोधले आणि १९३० सालची नोंद सापडली नाही, तर अपमानाबरोबर पुरावाही गेला. म्हणून नियम असा हवा : जुने नाव कोणत्याही दाखल्यावर छापू नये, पण शोधणाऱ्याला त्या नावाखालची नोंद सापडली पाहिजे. एका क्रमांकाखाली दोन्ही नावे ठेवली तर हे सहज साधते.

(६)

एका रकान्यात दोन अर्थ भरले तर माणसाला कोणती किंमत मोजावी लागते हे आपल्याइतके कोणी भोगलेले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर लाखो लोकांनी धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिले. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या आदेशाने जातीचा रकाना धर्माच्या रकान्याला बांधून ठेवला होता. त्यामुळे एका रकान्यात खरे लिहिले की दुसऱ्या रकान्यातला हक्क जात असे. केंद्राच्या सवलती मिळण्यासाठी १९९० ची दुरुस्ती व्हावी लागली. चौतीस वर्षे! या काळात किती विद्यार्थ्यांना दोन रकान्यांपैकी कोणत्या रकान्यात खोटे लिहायचे हे ठरवावे लागले असेल, याचा विचार प्रणाली बनवणाऱ्या प्रत्येकाने करावा.

‘वडिलांचे/पतीचे नाव’ हा असाच रकाना. दोन वेगळी नाती एका तिरप्या रेघेने जोडलेली. विधवा, परित्यक्ता, आईनेच वाढवलेले मूल, यांनी तेथे काय लिहावे? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय दस्तऐवजांत आईचे नाव लिहिण्याचा निर्णय राज्याने केला; आई हा स्वतंत्र रकाना आहे हे मान्य व्हायला इतका काळ लागला. आणि ‘इतर’ हा रकाना तर सर्वांत फसवा. बनवणाऱ्याचा विचार जेथे संपला तेथे तो ‘इतर’ लिहितो. एखाद्या पाहणीत ‘इतर’ मध्ये फार नोंदी पडू लागल्या, तर त्या लोकांना अजून नाव मिळालेले नाही असे समजावे आणि यादी पुन्हा करावी.

(७)

एक आक्षेप मला ऐकू येतो. नावाने पोट भरते काय? जमीन मिळत नाही तोवर रकान्याला हक्कदार म्हणा की लाभार्थी, फरक काय पडतो? हा आक्षेप प्रामाणिक आहे. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव जुलै १९७८ मध्ये झाला आणि नामविस्तार जानेवारी १९९४ मध्ये. त्या साडेपंधरा वर्षांत घरे जळाली, माणसे गेली. नावाची किंमत आपल्या चळवळीला कोणी शिकवायला नको. तेथे प्रश्न सन्मानाच्या नावाचा होता. येथे प्रश्न वस्तूच्या नावाचा आहे, आणि ते नाव नीट असल्यावाचून जमिनीची मागणीही नीट मांडता येत नाही. ‘आमची जमीन द्या’ या अर्जावर उत्तर मिळत नाही. ‘अमुक गटाची वतन फेरप्रदान जमीन, अमुक फेरफाराने दुसऱ्याच्या नावावर गेली’ या अर्जावर उत्तर द्यावेच लागते.

शिवाय आता हे काम केवळ सरकारचे राहिलेले नाही. तालुक्यातली साधी संघटनाही मोबाइलवर तक्ता करून पाहणी करते. तेथे पहिला प्रश्न हाच येतो की तक्त्यातली एक ओळ म्हणजे काय? एक ओळ म्हणजे ‘अर्ज’ धरला तर तीन अर्ज करणारी बाई तीन बायका होते. एक ओळ म्हणजे ‘कुटुंब’ धरले तर ती बाई नवऱ्याच्या नावाखाली नाहीशी होते. म्हणून माणूस, कुटुंब, जमिनीचा तुकडा आणि अर्ज या चार वस्तूंना चार नावे आणि चार तक्ते करावेत, आणि कोण कोणाशी कसा जोडलेला आहे ते स्वतंत्र नोंदवावे. ‘कुटुंब’ म्हणजे एक चूल की एक शिधापत्रिका, हेही एका वाक्यात लिहून ठेवावे.

पाहणीला निघण्यापूर्वी एका कागदावर पंधरा-वीस शब्दांची सूची करावी. प्रत्येक शब्दापुढे एका ओळीत अर्थ, आणि त्या शब्दात काय येत नाही तेही. मग तो कागद वस्तीत मोठ्याने वाचावा. सातबाराचे संगणकीकरण तपासण्यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडीवाचन झाले होते. तेथे भरलेली नोंद वाचली गेली. आपण नोंद भरण्याआधी रकान्यांची नावे वाचावीत. ऐकणाऱ्यांपैकी एखादी म्हातारी म्हणेल, ‘यात माझं कुठं बसतं?’ तिला बसवायला जागा नसेल तर तक्ता अपुरा आहे, असे समजून नवा रकाना काढावा आणि त्याला काय म्हणायचे ते तिलाच विचारावे.